मागची खोली आणि चार मीटरचा पंख

३ जानेवारी, सकाळी ६.१०
संकल्प केला. रिमोटवर उडणारं ग्लायडर, पंखांची लांबी चार मीटर, सगळं कार्बनच्या कापडाचं. इंजिन नाही. नुसती हवा आणि माझी बुद्धी. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. पहिलं उड्डाण २० फेब्रुवारी. आठवडाभराची सवड धरली आहे, तशी गरज नाही.

३ जानेवारी, संध्याकाळी
बायकोने वेळापत्रक वाचलं. मागच्या खोलीत सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या माझ्या कामांची यादी तिने तोंडपाठ म्हणून दाखवली: फिशटँक, दुर्बीण, गिटार. मग अट घातली. ३१ मार्चपर्यंत ग्लायडर उडून अख्खं परत आलं तर खोली कायमची माझी. नाहीतर तिथे तिचा शिवणवर्ग. सहा जणी दोन वर्षांपासून विचारताहेत म्हणे. तिचं मशीन अकरा वर्षं पॅसेजमध्ये आहे आणि येता-जाता माझंच कोपर आपटतं, हे कुणी लक्षात घेत नाही. मी हसत हसत हो म्हटलं. तिने कागदावर सही घेतली, ते जरा लागलं.

१९ जानेवारी
पंखांचे साचे तयार. म्हणजे डावा तयार. उजवा मनात तयार आहे.

२ फेब्रुवारी
डावा पंख साच्यातून निघेना. आधी साच्याला मेण लावावं लागतं, म्हणजे कापड कडक करणारं रेझिन साच्याला चिकटत नाही. मी लावलं होतं. मेणाचा डबा सीलबंद सापडला, म्हणजे दुसरा डबा असणार. तो शोधण्यात रविवार गेला.

९ फेब्रुवारी
नवा साचा. आज कापड कापलं. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, सरळ कशाला कापताय, उरेब कापा. पंख पिळला की ताण कोपऱ्यातून कोपऱ्यात येणार, मग धागेही तिरके नकोत का? मी शांतपणे समजावलं की हे एअरोडायनॅमिक्स आहे, झबलं नव्हे. शिवाय उरेब कापलं की कापड वाया जातं, हे शिवणाऱ्या बाईला मी सांगायचं! ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिला पटलं असावं.

कात्री तिचीच घेतली होती. कार्बन कापून धार जाते असं ऐकून होतो. खरं आहे.

११ फेब्रुवारी
बायकोला कात्रीचं कळलं.

१३ फेब्रुवारी
अजून अबोला. कामाला शांतता मिळते आहे.

२१ फेब्रुवारी
काल उड्डाण झालं नाही. २० तारीख ही खरं तर अंतर्गत तारीख होती. वेळापत्रकावर नवं वेळापत्रक चिकटवलं. ऑफिसात साहेबांनी विचारलं, बोटांना काय चिकटलंय? म्हटलं, भविष्य. त्यांनी रजेचा अर्ज परत दिला.

१६ मार्च
दोन्ही पंख निघाले! काळे, गुळगुळीत, आरशासारखे. मी त्यात स्वतःला बराच वेळ बघितलं. ग्लायडर क्लबातले एक डेंटिस्ट बघायला आले. वीस वर्षं ग्लायडर उडवताहेत. त्यांनी पंखाचं टोक चिमटीत धरलं, पिळलं आणि म्हणाले, हलतोय. हा त्यांच्या धंद्याचा दोष. जाताना बजावून गेले की सावकाश उडवा, वेगात सूर मारू नका. बायकोने त्यांना चहा दिला आणि दोघं दारात बराच वेळ उरेबवर बोलत होते. माणसं कशावरही बोलतात.

२९ मार्च
वारा जास्त.

३० मार्च
वारा कमी. वाऱ्याला शिस्त नाही.

३१ मार्च, सकाळी ७.४०
टेकडीवर. डेंटिस्ट पंचाचं काम करणार. बायको आली आहे, पर्समध्ये तो सहीचा कागद.

३१ मार्च, दुपारी
लिहून ठेवतो. ते उडालं. डेंटिस्टांनी धावत जाऊन सोडलं आणि माझं ग्लायडर वाऱ्यावर चढत गेलं, अजिबात आवाज न करता. अकरा मिनिटं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. बायकोनं टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षं पॅसेजमध्ये बसलेली बाई, खोली हातची जात असताना मनापासून टाळ्या वाजवत होती. मग म्हणाली, जिंकलात, आता उतरवा.

उतरवायचंच होतं. पण तिने अजून सूर कुठे बघितला होता?

नाक खाली केलं. वेग आला. पंख आधी थरथरला, मग दोरीवरच्या ओल्या चादरीसारखा फडफडला, मग पिळला आणि मोडला. बाकीचं शेतात गेलं. डेंटिस्ट म्हणाले, मुळापासून गेलाय. बायकोने तुकडे गोळा केले. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला वाद घालता आला असता.

७ एप्रिल
मशीन खोलीत गेलं. पॅसेजमधून जाताना कोपर कशालाच लागत नाही. चुकल्यासारखं होतं.

सहाही जणी आल्या. मी दाराबाहेर पेपर वाचत होतो, सहज. पहिला धडा उरेबचा. तिने माझ्या पंखाचा तुकडा हातात घेऊन पिळून दाखवला आणि विचारलं, हा का मोडला असेल? सहाही जणींनी बरोबर सांगितलं.

वर्ग सुटल्यावर ती बाहेर आली. म्हणाली, सातवी खुर्ची रिकामी आहे, येणार असाल तर या. कात्री मात्र स्वतःची आणायची.

८ एप्रिल
कात्री आणली. सुरुवात झबल्यापासून आहे.