निळ्या मण्याचा सरडा

२ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

संशोधन केंद्राने क्वार्टर रिकामं करायचं दुसरं पत्र पाठवलं, हे तू मला कळवलंसुद्धा नाहीस. दादाच्या साहेबांचा फोन आला तेव्हा समजलं. आता तरी ये. दादा दरीत पडून गेला त्याला तीन वर्षं होतील. तू त्या डोंगरावर एकटी कुडकुडत बसतेस आणि इथे माझा जीव टांगणीला.

आई बरी आहे. डोळे मात्र फार अधू झालेत. सुईत दोरा मीच ओवून देते. मी औषधाच्या दुकानात गेले की ती दुपारभर परसाच्या खिडकीशी बसते आणि कुणाशी तरी बोलते. परवा म्हणाली, दादाला पाणी दे, उन्हातून आलाय. मी पाणी भरून खिडकीत ठेवलं. हे सगळं एकटीने निभावणं जड जातं गं.

तू येणार असं धरून खोली झाडायला घेतलीय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

१० मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

रागावू नकोस. मला यायचं नाही असं नाही, मला येववत नाही. मागच्या दगडी भिंतीवर एक सरडा रोज उन्हाला येतो. शेपटीच्या बुडाशी लाल-पांढरा-लाल मणी. ते ओळखीच्या खुणेसाठी तुझ्या दादाने शिवले, सरडा मी धरला होता. तो भिंतीवर आला की पायऱ्यांवर बुटांचा आवाज होतो. होतोच. मला वेड लागलंय म्हण हवं तर.

तुझ्या दादाने सगळं आयुष्य यातच घातलं. जात एकच, पण तुमच्या उकाड्यातले सरडे भराभर वाढतात, वर्षाच्या आत अंडी घालतात आणि दुसरा उन्हाळा क्वचितच बघतात. इथले निम्मं वर्ष कपारीत झोपून काढतात, तिसऱ्या वर्षी कुठे अंडी घालतात आणि सात-आठ वर्षं जगतात. हे रक्तातच आहे की हवेमुळे, ते बघायला त्याने इथली काही पिल्लं मणी लावून तुमच्या परसात नेऊन सोडली होती. उत्तर मिळायच्या आत तो गेला. ती पिल्लंही केव्हाच संपली असतील. खाली त्याच्या हातचं काही टिकत नाही, ठमे. तिथे आले तर मला तो दुसऱ्यांदा गमवावा लागेल.

आईंना नमस्कार. वेड्या वहिनीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

१९ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी बस, मग वाच. काल परसातल्या भिंतीवर दादाचा सरडा दिसला! मी नेहमीसारखी किंचाळून स्टुलावर चढले (हसू नकोस), पण वरूनच नीट पाहिलं. शेपटीच्या बुडाशी मणी: पांढरा, निळा, पांढरा. म्हणजे डोंगरावरचा सरडा इथल्या उन्हातही टिकला! दादाला उत्तर मिळालं, आणि तुलाही. आता कारणं पुरे.

आईला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही.

खोली तयार आहे. लोभ आहेच, आता सामान बांध.

तुझी,
ठमी

२७ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

लबाडे, तुझं पत्र वाचून आधी हसले, मग खूप रडले. तुझ्या दादाने निळा मणी कधी कुठल्याच सरड्याला लावला नाही. निळ्याची डबी तो गेला त्याच आठवड्यात आली होती. न उघडलेली, त्याच्या खिशात होती. त्याच्याबरोबर दरीत गेली ती सापडलीच नाही. सरडा बघून स्टुलावर चढणारी तू, माझ्यासाठी तो हातात धरून त्याला मणी शिवलेस! इतकं माझ्यासाठी कुणी केलं नसेल. पुढच्या वेळी दोरा बारीक घे, जाड दोरा कातडीला काचतो.

बारा तारखेला सकाळच्या गाडीने येते. इथेही आता थांबण्यासारखं काही नाही. सरडा येतो, पण बुटांचा आवाज महिन्याच्या मध्यापासून बंद झालाय. घर अगदी गप्प झालंय.

भेटीअंती बोलूच. तोवर अशीच लबाड राहा.

तुझी,
वहिनी

३१ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तू येतेस हे वाचून घरभर नाचले. मग वरचा मजकूर पुन्हा वाचला आणि तशीच हे पत्र लिहायला बसले. वहिनी, मी मणी आणले नाहीत. सरड्याला हात लावायच्या नुसत्या विचारानेच माझ्या अंगावर काटा येतो. तुझी शप्पथ.

राहिली आई. तिला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, दादा दुपारी आला होता, त्याला सुई हवी होती, मी फक्त दोरा ओवून दिला. सरडा धरायला वहिनी नाही म्हणून कुरकुरत होता म्हणे. वहिनी, तिला समोरचा पेला दिसत नाही गं.

मग तिनेच विचारलं, तू कधी येणार. मी सांगितलं, बारा तारखेला. तिने खिडकीबाहेर तोंड केलं आणि तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं.

गाडी चुकवू नकोस. मी दुकानातून रजा घेतलीय, दुपारी आईजवळ खिडकीशी बसायची मात्र हिंमत होत नाही. वाट बघतोय, तिघंही.

तुझी,
ठमी