चेतनाचे डोहाळे आणि थंड कढई

सौ. विहीणबाई गंगाबाई, मुक्काम केशोरी, यांना देवकाबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? व्याहीबुवांचा खोकला गेला का? धानाची मळणी आटोपली असेल. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (ठीक म्हणजे माझा उजवा हात तीन ठिकाणी पोळला आहे, पण ते पुढे येईलच.) फोन सोडून चिठ्ठी कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन व्याहीबुवा उचलतात आणि लगेच स्पीकर लावतात. मग आपल्या घरची गोष्ट तुमच्या तळ्याच्या पाळीवर गुरं चारणाऱ्यांनाही कळते. शिवाय जे सांगायचं आहे त्यात डुक्कर आहे, ते चारचौघांत बोलता येत नाही.

तर गोष्ट तुमच्या लेकीची. सहावा महिना संपत आला तरी चेतनाच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. वरण-भात पुढे केला की दोन घास उष्टावून ती ताट सरकवायची. आशाताई मंजू दर आठवड्याला वजनकाटा घेऊन यायची आणि काटा महिनाभर एकाच आकड्यावर बसून राहिला. शेवटी मंजूने मला बाजूला घेऊन सांगितलं की बाळाची वाढ कमी वाटते, काहीही करा पण हिच्या पोटात अन्न जाऊ द्या. मी तोंडाने मोठी धीराची, पण त्या दिवशी मी भ्याले. खोटं कशाला सांगू?

अशात आमच्या अश्विनने बातमी आणली. तो नागझिऱ्यात गाईड आहे हे तुम्हाला माहीतच आहे. सकाळची सफारी करून पर्यटक परतले की गेटाजवळच्या एका रिसॉर्टात त्यांना ब्रंच देतात. (न्याहारी नाही, जेवण नाही, मधलंच काहीतरी. आपण बांधावर जन्मभर अकरा वाजता तेच करत आलो, त्याला नाव तेवढं दिलं नव्हतं.) त्यात बटाटे, कांदे, अंडी आणि बेकन एकाच लोखंडी कढईत करतात. बेकन म्हणजे डुकराचं मांस मिठात मुरवून, धुरावर धरून कापलेल्या पातळ पट्ट्या. अश्विन मला म्हणाला, "आई, चेतनाले ते खावाचं मन होऊन राहिलं, पण तुले सांगाले लाजते." मी चेतनाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. मी तो होकार धरला.

विहीणबाई, डोहाळ्यांपुढे कोणाचं चाललं आहे? अश्विनच्या वेळी मला धानाच्या बांधीतले खेकडे हवे होते. श्रावण होता, सासूबाई नाही म्हणाल्या. पुढे पोराचे कान पाच वर्षं वाहत होते. (डॉक्टर म्हणाले, पोरगं तळ्यात डुंबतं म्हणून. डॉक्टर पुरुष होते.) आमच्या यांनी गेल्या वर्षी गुरुमंत्र घेतल्यापासून घरात अंडंसुद्धा येत नाही, तिथे डुक्कर! पण त्या कानांपायी एस.टी.ने गोंदियाच्या फेऱ्या यांनीच मारल्या होत्या. मी विषय काढला तेव्हा हे बराच वेळ माळ ओढत बसले. मग उठले आणि घरामागच्या सांदवाडीत तीन दगडांची चूल मांडून दिली. अट एकच, त्या चुलीवरचं भांडं घराचा उंबरा ओलांडणार नाही.

रिसॉर्टातला स्वयंपाकी रोशन अश्विनच्या ओळखीचा. त्याने पहिल्यांदा सहा पट्ट्या डब्यात घालून पाठवल्या. मांस म्हटलं की आपण काय करतो? पाच पाण्यांनी धुतलं, हळद-मीठ चोळलं, आलं-लसूण लावलं आणि कुकरच्या तीन शिट्ट्या घेतल्या. त्या पट्ट्या आधीच खारवलेल्या असतात हे मला कोणी सांगितलं होतं? चेतनाने एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि तांब्याभर पाणी प्याली. त्या दिवशी तिच्या पोटात पाणी तरी गेलं. मी तेवढ्यावर हार मानणारी नाही.

दुसऱ्या वेळी अश्विनने मोबाईलवर हिंदीतली कृती काढून दिली. माझा चष्मा तेव्हा तुटलेला, म्हणून वाचायचं काम यांच्याकडे आलं. हे चुलीकडे पाठ करून, गळ्यातली माळ कुडत्याच्या आत सारून, एकेक ओळ वाचत होते. त्यांनी वाचलं की पट्ट्या थंड कढईत ठेवायच्या आणि तेल घालायचंच नाही. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेली बाई थंड कढईत काही टाकेल का? मी दोन पळ्या तेल धूर येईपर्यंत तापवलं आणि पट्ट्या सोडल्या. त्या वळवळून वर आल्या, तेल माझ्या हातावर उडालं, आणि मी ओरडेपर्यंत निम्म्या पट्ट्यांचा कोळसा झाला. उरलेल्यातली एक कावळ्याने नेली. हे पाठमोरेच म्हणाले, "थंड कढई मनून लिहिलं हाये इथं." मी दिवसभर यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्यांदा रोशनने कानावर हात ठेवले. म्हणून मी स्वतः अश्विनच्या गाडीवर मागे बसून रिसॉर्टात गेले आणि दोन किलो नवा तांदूळ मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले. तासाभराने पट्ट्या मिळाल्या. रविवारी साडेदहाला कढई मांडली. थंड. पट्ट्या ठेवल्या आणि खाली बारीक जाळ केला. विहीणबाई, त्यांची चरबी आपोआप सुटते हो! त्याच चरबीत उकडलेल्या बटाट्याच्या फोडी लाल केल्या, कांदा आणि ढोबळी मिरची घातली, कुरकुरीत पट्ट्या चुरून टाकल्या, मधे खड्डे करून शेजारच्या कोंबड्यांची चार अंडी फोडली आणि वर झाकण ठेवलं. (पिवळं कच्चं ठेवायचं नाही असं मंजूने बजावलं होतं, म्हणून चांगलं घट्ट केलं.) चेतनाने ताटभर खाल्लं. मग परत मागितलं, आणि तांदळाच्या भाकरीने कढई पुसून घेतली. उलटी नाही, काही नाही. मी पदर डोळ्यांना लावला, धुराचं निमित्त करून.

त्याला आता तीन आठवडे झाले. रोज अकराला आम्ही दोघी सांदवाडीत बसतो. बेकन फक्त रविवारी, एरवी नुसती अंडी-बटाटे. काल मंजूचा काटा दीड किलोने सरकला. पोटातलं आता लाथा मारतं. अश्विनसुद्धा दर रविवारी बरोबर अकराला घरी हजर असतो, जो एरवी कधी वेळेवर येत नाही. बाप होणार म्हणून शहाणा झाला असेल.

व्याहीबुवांना नमस्कार सांगा.

तुमची विहीण,
देवकाबाई सुखराम परशुरामकर

ता. क. शुक्रवारी तुम्ही तिला न्यायला येणार आहात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला कळते. तरी तिला नेऊ नका, एवढं मागण्यासाठीच ही चिठ्ठी लिहिली. दवाखाना इथून जवळ आहे वगैरे कारणं मी तयार केली होती, पण खरं ते लिहिते. हे आपलं वेगळं जेवतात, अश्विन जंगलात असतो. इतकी वर्षं मी ओट्याशी उभ्या उभ्या एकटी जेवले. आता कोणीतरी समोर बसून जेवतं. (हो, मीही खाते. मंत्र यांनी घेतला आहे, मी नाही.)

ता. क. दुसरा. पाकिटावर पत्ता लिहायला चिठ्ठी चेतनाकडे दिली, तर तिने सगळी वाचली. पोट धरून हसली आणि मग तिने खरं सांगितलं. ते डोहाळे तिचे नव्हतेच. रिसॉर्टात उरलेलं चाखून चटक लागली होती ती अश्विनला. (त्याला उद्यापासून वरण-भात.) मी विचारलं, मग तू काऊन नाही बोललीस? म्हणाली, "तुमी हात पोळून घेतला आई, तुमचं मन कसं मोडू? मंग मले भी आवडलं." आणि तुझे डोहाळे कशाचे, म्हटलं. ती पाकिटाची कड दुमडू लागली. मग म्हणाली, "आईच्या हातचा मासोळीचा आंबट रस्सा. पाचव्या महिन्यापासून."

रस्सा डब्यात घालून आणा, असं लिहिणार होते. पण हे डोहाळे रश्शाचे नाहीत, आईचे आहेत, एवढं मलाही कळतं. तेव्हा शुक्रवारी या आणि तिला घेऊन जा. फक्त अकराच्या आधी येऊ नका.