खोलीतून निघून जायचं

३ मार्च
व्यसनमुक्ती केंद्रातली समुपदेशक माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची! आणि मला धडे देते. "लेक नशेत असली की रागवायचं नाही, बोलायचं नाही, खोलीतून निघून जायचं. शुद्धीत असली की जवळ बसायचं, कौतुक करायचं. वागणं असंच बदलतं, बाई."
चाळिशीला टेकलेल्या घोडीचं कौतुक! पण करीन. आजवर रागावून कोणते दिवे लागले?

११ मार्च
केंद्रातल्या लघवीच्या तपासणीत गर्दचा अंश सापडला नाही. मी म्हटलं, "समाधानकारक."
ती हसत सुटली. "आई, प्रगतिपुस्तक नको गं! माझ्याकडे बघून बोल."
बघितलं. गाल भरलेत. "छान दिसतेस," म्हटलं. सवय नाही, पण म्हटलं.

२ एप्रिल
शिवणकामाच्या दुकानात परत कामावर घेतलं तिला. आल्या आल्या माझ्या ब्लाउजची बाही उसवली— "ही कुणी शिवलीय, शत्रूने?"
घरात हसू ऐकून किती काळ लोटला होता.

९ एप्रिल
संध्याकाळी आली. डोळे लाल, ओठ एका बाजूला लोंबलेला, शब्द घरंगळतायत. पुन्हा नशा केलीय! उठलेच.
"आई, ऐक ना—" पुढचं काही कळेना.
आत जाऊन कडी लावली. ती दाराशी बराच वेळ होती. मी ब्र काढला नाही. समुपदेशकबाईंना सांगायला हवं— जमलं मला!

१० एप्रिल
अंथरूण रिकामं. दुकानातही गेलेली नाही.
दुपारी दातांच्या दवाखान्यातून फोन. "ताई बऱ्या आहेत ना? काल अक्कलदाढ काढली. बधिर करायच्या इंजेक्शनने जीभ जड होते, घाबरू नका. फार रडल्या हो. पण दुखण्यावरची गुंगी आणणारी गोळी काही घेतली नाही. म्हणाल्या, 'नको, मी सुटतेय. आधी घरी जाऊन आईला सांगते.'"
फोन कधी ठेवला, आठवत नाही.
जुन्या अड्ड्याच्या गल्लीत जाऊन आले. हाका मारल्या. शाळेत मारायचे तशा, खणखणीत. माणसं नुसती बघत राहिली.

११ एप्रिल
सापडली. इस्पितळात आहे. समुपदेशकबाई माझा हात सोडत नाहीत.

१२ एप्रिल
गेली.
डॉक्टर म्हणाले, पूर्वीइतकीच गर्द घेतली होती. पूर्वी पचायची. आता शरीराची सवय मोडली होती, झेपली नाही.
इतकी बरी झाली होती ती.