सगळ्यात बेस हेडफोन

अयोध्या नगर, भोपाळ
गुरुवार

ती. दादास,

शालूचा वाकून नमस्कार. (वाकून लिहिलं, पण कमरेमुळे अर्धाच समजावा.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीच्या सांडग्या मिरच्या पोचल्या. हे जेवताना दोन खातात आणि तिसरीला उचकी लागली की वहिनी आठवण काढतेय म्हणतात. मी उचकीला पाणी देते आणि गप्प बसते. बाकी आम्ही दोघं ठीक. घरात हाताशी फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटलं असेल. फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहिते. का येत नाही तेच सांगायचं आहे, तेव्हा चष्मा लाव आणि चहा घेऊन बस.

आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. त्यातली निदान पंधरा वर्षं मी तुझ्याकडे एकच तक्रार करत आलेय, की हे माझं ऐकत नाहीत. आणि तू पंधरा वर्षं एकच उत्तर देतोस, की शालू, तू बडबड कमी कर. (तुम्ही सगळे पुरुष एका माळेचे मणी.) तर निवृत्त झाल्यापासून ह्यांना गाण्याचं वेड लागलं. कारखान्यात असताना वेळ मिळाला नाही म्हणून आता सकाळी दहापासून दोन तास फोन कानाशी धरून गाणं. फोनही माझा, कारण ह्यांच्या फोनची बॅटरी पुरीसारखी फुगली आहे आणि तो फेकायला हे तयार नाहीत. आवाज पूर्ण वर नेऊनही ह्यांचं म्हणणं एकच, की हल्लीच्या फोनमध्ये दमच नाही. इकडे त्या दमानं शेजारच्या मालतीताईंची मांजर घर सोडून गेली. कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी हात जोडल्याची अकरा चित्रं टाकली, खाली नाव न घालता, पण सगळ्यांना कळेल अशा बेतानं. तेव्हा मी ठरवलं, ह्यांना हेडफोन घेऊन द्यायचा. गाणं ह्यांच्या कानात, शांतता माझ्या घरात, आणि मांजर मालतीताईंकडे.

पिपलानीच्या बाजारात एक दुकान आहे. मालक पन्नाशीचा, बोलायला फार गोड. आता मला सांग, आपल्या आईनं आपल्याला काय शिकवलं? भाजी जमली की बेस झाली. पोरीला स्थळ बेस मिळालं. ऊन उतरलं की बेस वाटतं. नागपूर सोडून चाळीस वर्षं झाली, सचिवालयात फायली लिहून लिहून माझं हिंदी अगदी सरकारी झालं, पण चांगल्याला बेस म्हणायची खोड गेली नाही. मी सरळ म्हटलं, "भैया, कोई बेसवाला हेडफोन दिखाइए." दुकानदाराचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं हाही आपल्याकडचाच, वर्धा नाहीतर अमरावती. त्यानं विचारलं, "कितना बेस चाहिए, आंटी?" मी म्हटलं, जितका असेल तितका. चांगल्यात काय हात आखडता घ्यायचा?

त्यानं एक काढला. म्हणाला ह्यात बेस मध्यम आहे. मी म्हटलं, मध्यम चांगलं आम्हाला नको, मध्यम माणूस घरात आहे. दुसरा काढला, ह्यात बेस जास्त. तिसरा काढला तेव्हा त्यानं आवाज खाली आणला, की इसमें बेस इतना है कि खोपड़ी हिल जाए, और बुज़ुर्ग लोग अक्सर लेते नहीं. मला राग आला. का रे बाबा, म्हाताऱ्यांनी बेस घेऊ नये? आम्ही काय उरलंसुरलं वापरायचं? तो बिचारा समजावत होता की जास्त बेसनं कानाला त्रास होतो, आणि मी त्याला समजावत होते की चांगल्यानं कधी कुणाला त्रास होत नाही, त्रास होतो तो स्वस्तातल्यानं. शेवटी त्यानं हार मानली. तो तिसराच घेतला. काळा, जाडजूड, बिनतारी, दोन्ही कानांवर दोन वाट्या. निघताना मी त्याला विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? तो म्हणाला, चार पिढ्या भोपाळचे. मला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण पिशवी हातात होती.

घरी येऊन आधी मीच लावून पाहिला. (ह्यांना द्यायच्या आधी वस्तू तपासायची असते, नाहीतर दोष माझा ठरतो.) एका बाईंचा अभंग लावला. दादा, बाई गेल्या! कुठे गेल्या कळेना. नुसता मृदंग, आणि तोही माझ्या डोक्यात बसून कुणी वाजवतंय. माझी खालची कवळी हलली, शपथ घेऊन सांगते. तेवढ्यात फोन वाजला आणि डोक्यातल्या डोक्यात आपली जुई बोलायला लागली, बंगळुरूहून, सर्दी झालेल्या आवाजात. मी म्हटलं, अगं काढा घे. ती म्हणाली, मला काही झालं नाही, आई, तू काय लावून बसलीयेस? मी बाहेरच्या खोक्यावरचं 'एक्स्ट्रा बेस' वाचून दाखवलं आणि म्हटलं, दुकानातला सगळ्यात चांगला आणलाय. ती इतकी हसली की मला वाट्या कानावरून काढाव्या लागल्या. मग म्हणाली, "आई, बेस म्हणजे चांगला नाही गं. बेस म्हणजे खर्ज!" म्हणजे मी पाऊण तास त्या भल्या माणसाशी भांडून, मध्यम खर्ज नको, भरपूर खर्ज द्या, कवळी हलली पाहिजे, असं मागून आणलं होतं. आई असती तर म्हणाली असती, बेस झालं.

मी परत करायला निघाले. चपला घातल्या, खोकं शोधलं, आणि वळून बघते तर हेडफोन ह्यांच्या डोक्यावर. हे खुर्चीत ताठ बसले होते. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. आमच्या लग्नातल्या वऱ्हाडात ह्यांनी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला होता तो तुला आठवतो? तोच हात. मग डोळे उघडून मोठ्यानं म्हणाले, "तबला!" बराच काळ न भेटलेला माणूस दारात यावा तसं म्हणाले. मी चपला काढल्या. दादा, खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या चुकीचा अभिमान वाटला.

अभिमान चार दिवस टिकला. पहिल्या दिवशी दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी कुकरनं नऊ शिट्ट्या केल्या आणि डाळीचं पिठलं झालं. हे कुकरपासून तीन हातांवर बसले होते. तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले असताना वाऱ्यानं दार लागलं आणि मी पाऊण तास घंटी वाजवली. शेवटी मागच्या खिडकीतून ह्यांच्या पाठीवर कपड्याचे चिमटे मारले. सात मारले, पाच लागले. चौथ्या दिवशी मालतीताईंकडे सत्यनारायण. तिथे हेडफोन नको म्हणून मी खुणेनं सांगितलं, तर ह्यांनी तो टोपीत घातला. (टोपी ही वस्तू त्यासाठी निर्माण झालेली नाही.) आणि कानावर वाट्या असलेल्या माणसाला आपण कुजबुजतोय असं वाटतं. पाचवा अध्याय चालू असताना ह्यांनी माझ्याकडे झुकून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्यांचा शिरा दर वेळी करपतो." गुरुजी थांबले. मालतीताईंची मांजर परत आली आहे, पण मालतीताई बोलत नाहीत.

आता गेल्या आठवड्यातल्या मंगळवारचं. तू सकाळी मला फोन केलास, बोलले हे, आणि तुला वाटलं असेल मी आंघोळीला गेलेय. मी कुठेही गेले नव्हते. फोन माझ्या हातात होता आणि तू मात्र ह्यांच्या डोक्यात. मी हॅलो हॅलो करतेय, फोन मुका. आणि पलीकडच्या खोलीत हे एकदम खुर्चीतून उठले, "अहो भाऊ! बोला बोला!" म्हणून. वीस मिनिटं बोलत होते. तुझा गुडघा, डॉक्टर, वहिनीचा मोतीबिंदू, चुलतभावाची नवी सून. प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर. काय म्हणालात, पुन्हा सांगा, हे एकदाही नाही. मी दारात उभी. मला आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की सांगता येत नाही. म्हटलं, बघा! मेव्हण्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो, बायकोचा तेवढा येत नाही. सोंग आहे सगळं.

आणि मग हे तुला म्हणाले (तू ऐकलंस, पण मी दारात उभी राहून ऐकलं हे तुला माहीत नाही), "भाऊ, शालू हल्ली माझ्याशी बोलतच नाही हो. काही चुकलं असेल तर विचारून पहा."

दादा, मी बोलत नाही! सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत ज्या बाईची जीभ टाळ्याला लागत नाही, ती मी! मी तिथेच पाटावर बसले. तुझा आवाज आठवला. तू शाळेत कवायत घ्यायचास तेव्हा मैदानाला कधी भोंगा लागला नाही, असा खर्ज. आणि माझा आवाज आई म्हणायची तसा, शिट्टी. ह्यांना शिट्टी ऐकू येत नाही. कुकरची नाही, घंटी नाही, माझी नाही. खात्री करायला मी मालतीताईंच्या सुनेचा फोन मागून (मालतीताई बघत नसताना) आमच्याच नंबरवर फोन केला. ह्यांनी उचलला, दोनदा कोण कोण विचारलं, आणि "काही बोलत नाही कुणी" म्हणून ठेवला. मी बोलत होते, दादा. मी म्हणत होते, अहो, मी आहे.

तुला ठाऊक आहे हे कारखान्यात काय करायचे. मशीन बिघडली की स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचं. सगळ्यांना कानात घालायला बोळे मिळायचे, ह्यांचे वर्षानुवर्षं खिशातच. बोळे घातले तर मशीन बोलते ते कळत नाही म्हणायचे. अशा माणसाला मी कसं सांगू की तुमचे कान तपासायला हवेत? एकदा पाटीवर लिहून दाखवलं. वाचलं, पाटी पुसली, आणि त्यावर वाणसामान लिहून माझ्या हातात दिली. दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघितलं नाही. मी रडले, आणि तेही ह्यांना ऐकू आलं नाही, त्यामुळे ते वायाच गेलं.

असो. इकडे ऊन तापायला लागलंय. वहिनीच्या डोळ्यांची काळजी घ्या. पत्र फाडून टाक.

तुझी,
शालू

ता. क. १: रविवारी सकाळी साडेदहाला फोन कर. मी फोन फळीवर ठेवून देईन, हेडफोन ह्यांच्या डोक्यावर असेल, म्हणजे तू थेट आत. तुझ्या त्या खर्जात ह्यांना सांग, की कानाच्या डॉक्टरकडे जायचं. तूही जाऊन आलास आणि तुला मशीन लागलं असं सांग. खोटं बोलावं लागेल, पण गुडघ्याबद्दल तू वहिनीशी बोलतोसच.

ता. क. २: "कमी ऐकू येतं" असं चुकूनही म्हणू नकोस. म्हण, अच्युतराव, तुमचे कान बेस आहेत, त्यांत फक्त बेस जरा जास्त आहे.

ता. क. ३: घाई मात्र करू नकोस, डॉक्टरची वेळ पंधरा दिवसांनंतरची घ्यायला सांग. गेली पंधरा वर्षं मी ओट्याशी उभी राहून ह्यांच्याबद्दल, ह्यांच्या बहिणीबद्दल आणि (रागावू नकोस) वहिनीच्या मिरच्यांबद्दल जे मोठमोठ्यानं बोलत आलेय, ती सवय मोडायला मला थोडा वेळ हवा.

ता. क. ४: पाकीट चिकटवता चिकटवता सुचलं, म्हणून आत्ताच एक करून पाहिलं. हनुवटी छातीला लावली, आवाज जितका खाली जाईल तितका नेला, आणि ह्यांच्या पाठीमागे उभी राहून अगदी तुझ्यासारखं म्हटलं, "चहा घेणार का?" ह्यांनी हेडफोन काढला, आनंदानं दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "शालू, भाऊ आले वाटतं!" स्वयंपाकघरात जाऊन ह्यांनी तिसरा कप काढून ठेवलाय आणि दार उघडं टाकून बसलेत. रविवारचा फोन राहू दे, दादा. तू येच.