सारखा पगार आणि ओडेलच्या दारातला बर्फ

बफेलो, ऑक्टोबरअखेर

ती. बर्निसताईस, कॅसिमिरचा नमस्कार.

तुझे गुडघे, ग्लेन दाजींची शुगर आणि तुमच्या अंगणातलं लिंबाचं झाड, सगळ्यांची प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करतो. (झाडाचा फोटो पुन्हा पाठवू नकोस. मागचा आमच्या हिने, रोझालीने, फ्रिजवर लावला आणि तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते.) इकडे सगळं क्षेम आहे. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला सुरुवात झाली, म्हणजे सगळं वेळेवर चाललंय.

परवा फोनवर तू खोचकपणे विचारलंस, "काय रे, तुमचा ओडेल प्रुइट आला की आमच्या लॉस एंजेलिसला! कसं वाटतंय?" तेव्हा बोललो असतो तर तोंडातून भलतंसलतं गेलं असतं, म्हणून लिहून कळवतोय. वाईट वाटतंय. आमच्या बास्केटबॉल संघातला सगळ्यात भारी खेळाडू गेला, चांगलंच वाईट वाटतंय.

बास्केटबॉलमध्ये पगारमर्यादा असते हे दाजींनी तुला सांगितलं नसेलच, कारण मोठ्या शहरातल्या माणसांच्या ते लक्षात राहत नाही. खेळाडूंच्या पगारावर कुठल्याही संघाने ठरलेल्या रकमेपलीकडे खर्च करायचा नाही, असा तो नियम. म्हणजे श्रीमंतांनी सगळे चांगले खेळाडू उचलून न्यायचे नाहीत आणि आमच्यासारख्यांनीही अधूनमधून जिंकावं. मर्यादा ओलांडली की दंड. (तुमचे मालक तो दंड आपण पार्किंगचा भरतो तसा भरतात, जरा चुकचुकून.) शिवाय आपलाच खेळाडू थांबवायचा असेल, तर जुन्या संघाला बाकीच्यांपेक्षा जास्त पगार देता येतो. डोलोरेसच्या बारमध्ये आपला वॉल्टर (तोच, शाळेत तुझ्यामागे सायकल घेऊन फिरायचा) हे सगळं स्तोत्र म्हटल्यासारखं म्हणायचा. "अरे, सगळ्यांच्या ताटात सारखंच वाढलंय, आणि आपल्या ताटात वर तूप! ओडेल कशाला जातोय?"

मी म्हटलं, वॉल्ट्या, ताट सारखं असेल रे, पण पंगत कुठे बसलीय ते बघ. तिकडे समुद्र, ऊन, जाहिरातवाल्यांची रांग. इकडे तू आणि मी. पैसा सारखा केला की माणूस उरलेल्या गोष्टी बघायला लागतो, आणि आपल्याकडे उरलेल्या गोष्टी म्हणजे बर्फ. मग डोलोरेसच म्हणाली की उरलेल्या गोष्टीही आपणच सारख्या करू.

झालं! ओडेलचा करार उन्हाळ्यात संपणार होता, म्हणून आम्ही हिवाळाभर कामाला लागलो. रोझाली त्याच्या दारात बटाटा भरून उकडलेले पिएरोगी ठेवून यायची, वॉल्टरने त्याच्या अंगणात प्लास्टिकचं ताडाचं झाड रोवलं (ते वाऱ्याने चर्चच्या कौलांवर गेलं, अजून तिथेच आहे), आणि मी, जन्मभर नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी चालवलेला माणूस, जुन्या ओळखीवर गाडी मागून आणून रोज त्याचा रस्ता साफ करू लागलो. पोरगा गुणी गं. खिडकीतून हात करायचा, कधी बाहेर येऊन "काका, कॉफी घेता का?" म्हणायचा. तो जाऊ नये असं मला वाटायचं ते फक्त बास्केटबॉलसाठी नव्हतं, एवढं तुला सांगून ठेवतो.

मार्चमध्ये त्याच्या आई, लुएलाबाई, जॉर्जियाहून लेकाचं घर बघायला आल्या. पोरगा आईच्या शब्दाबाहेर नाही, हे गावाला ठाऊक. त्यामुळे त्यांना बर्फाचा कणही दिसता कामा नये असं ठरलं. त्या परत निघायच्या दिवशीही मी पहाटे उठून अख्खी गल्ली आरशासारखी लख्ख केली. आता गल्लीभरचा बर्फ काढला की तो कुठेतरी टाकावा लागतो, हे इतकी वर्षं नोकरी करून मला माहीत नव्हतं असं नाही. पण अंधार होता, आनंदात होतो, आणि ढकलत गेलो. उजाडलं तेव्हा गल्लीतला सगळा बर्फ ओडेलच्या दारात, गॅरेजसकट. लुएलाबाईंचं परतीचं विमान चुकलं. आम्ही फावडी घेऊन खणत होतो आणि बाई वरच्या मजल्यावरून बघत होत्या. शेवटी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माणसं मायेची आहेत हो तुम्ही. पण तुमच्या मायेखाली माणूस गाडला जातो."

जुलैत ओडेल तुमच्याकडे गेला. कमी पगारावर, ताई! नियमाने आम्ही जास्त देऊ केलं होतं, आमचा मालक कधी नव्हे ते देत होता, आणि पोराने कमी घेतलं. आता सांग, या मर्यादेने कोणाला कोणाच्या बरोबरीला आणलं? वॉल्टर म्हणतो, मर्यादा नसती तर आणखी वाईट झालं असतं, चार शहरांनी सगळी लीग वाटून घेतली असती. असेलही. मी त्याला म्हटलं, तू ते प्लास्टिकचं झाड उतरव आधी.

तू गेलीस तेव्हाही असंच झालं होतं, आठवतं? तिकडच्या हॉस्पिटलात नर्सला इथल्याइतकाच पगार होता. आई सगळ्यांना सांगत फिरायची, "सारखाच पगार आहे, कशाला जाईल बर्निस?" आणि तू गेलीस. मी तेव्हा काही बोललो नव्हतो. आमच्या गल्लीला माणूस धरून ठेवता येत नाही, त्याला नियम तरी काय करणार?

दाजींना नमस्कार. त्यांच्या संघाला मात्र नाही.

तुझा भाऊ,
कॅसिमिर

ता. क. लुएलाबाई आता लेकाबरोबर तिकडेच राहतात आणि दर रविवारी रोझालीला फोन करतात. म्हणतात, ऊन चिक्कार आहे, पण शेजारी कोण राहतं ते अजून कळलं नाही. थँक्सगिव्हिंगला सामना नसतो. दोघांना जेवायला बोलाव. पिएरोगी कर, आईच्या पद्धतीचे, लोण्यात कांदा घालून.

ता. क. दुसरा. त्याचा करार दोनच वर्षांचा आहे. दुसऱ्याच्या खेळाडूला फितवायला संघांना बंदी आहे, पण कोणाच्या बहिणीला बंदी आहे असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही, वॉल्टरने तपासलंय. वाढता वाढता हळूच परत यायचा विषय काढ. आणि विषय काढलाच आहेस, तर स्वतःलाही एकदा विचारून बघ. दार मी साफ ठेवतो. या खेपेला बर्फ वॉल्टरच्या दारात टाकीन.