पहारेकऱ्याची बाजू

ता. २ जुलै

ती. काकांस, धाकट्या पुतणीचा शि. सा. न.

वि. वि. माझा गोष्टीचा तास बंद होणार, असं आज मोठ्या बाईंनी स्वतःच सांगितलं. अहवाललेखनाच्या तासाला मी नववीला किल्ल्याच्या वेढ्याची कादंबरी वाचून दाखवते आणि तुम्ही तिथले बातमीदार आहात, आता अहवाल लिहा, असं सांगते. परीक्षेत कादंबरी येते का, असं पालकांनी विचारलं. शुक्रवारी अहवाल वाचून बाई शेवटचं काय ते ठरवतील.

आणि अहवाल कसले, तर 'राजाच्या काळजात कालवाकालव झाली'. सगळ्या वर्गाने राजाच्या काळजात मुक्काम ठोकलाय. नमुने पाठ करून घेतले असते तर बरं, असं वाटू लागलंय. तुम्ही जन्मभर वर्तमानपत्रात लोकांच्या बातम्या कापल्यात, काहीतरी सुचवा. काकूचा गुडघा कसा आहे?

लोभ आहेच, उत्तर लवकर असावं.

ता. ५ जुलै

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, असं काकूचं म्हणणं. तिला जिना चढताना मी पाहिलेलं नाही.

राजासाठी पोरांचा जीव तुटला म्हणजे त्यांनी मन लावून ऐकलंय. नमुना पाठ करणाऱ्याला धड चुकताही येत नाही. नव्या बातमीदाराच्या प्रत्येक वाक्यापुढे मी तांबड्या पेन्सिलीने एवढंच लिहायचो, की हे कोणी पाहिलं? पाहणारा नसला की वाक्य गेलं. पोरांना एकमेकांची वाक्यं अशी कापू दे.

गोष्टीतून अहवाल शिकवणं मला कधी सुचलं नसतं. तोंडावर म्हटलं तर डोक्यावर बसशील, म्हणून लिहून कळवतो.

काकूचे आशीर्वाद. पत्रात खंड नको.

ता. ११ जुलै

ती. काकांस शि. सा. न.

वि. वि. तासाचा निकाल लांबला, हे बाईंनीच आता कळवलं. तुमची पेन्सिल चालली. राजा काळजासकट गेला.

कादंबरीत वेढा चालू असताना दरवाजा उघडतो, किल्ला पडतो आणि सेनापती पहारेकऱ्याला फितूर ठरवतो. सगळ्यांनी तसंच लिहिलं. वर्गात एक मुलगी आहे, फारशी बोलत नाही म्हणून पोरं तिला मौनीबाबा म्हणतात. तिने लिहिलं, 'दरवाजा उघडा सापडला. तो पहारेकऱ्याने उघडला, असे सेनापतींचे म्हणणे आहे. उघडताना पाहणारा कोणी आढळला नाही. पहारेकऱ्याची बाजू समजू शकली नाही.' काका, ही कादंबरी मी कितीदा वाचली, दरवेळी त्याला फितूरच मानलं.

बाईंनी ते पान पुन्हा वाचलं आणि मलाच विचारलं, की मग उघडला कोणी? कादंबरीत नाही, असं मी सांगितलं. त्यावर म्हणाल्या, कोणीतरी त्याची बाजू मांडायला हवी, ती मी मांडते. सोमवारी त्या वर्गात पहारेकरी होऊन बसणार आणि पोरं त्यांना प्रश्न विचारणार. मागच्या बाकावर पालक असतील. तास राहतो की जातो, ते त्यानंतर.

काकूला नमस्कार. तुमचा लोभ असाच राहो.

ता. क. पहिला प्रश्न मौनीबाबा विचारणार आहे. कोणता, ते तिने मलाही सांगितलेलं नाही.