बापाच्या मळ्यातली रोपं

मूराबूल नदीकाठ, जिलाँगजवळ
शनिवार, ९ नोव्हेंबर १८७८

चि. उलिस आणि नातसून एल्विना,

दोघांना म्हातारीचा आशीर्वाद. मी धडधाकट आहे. गुडघा दुखतो, पण तो तू जन्मायच्या आधीपासून दुखतोय. पांढरी शेळी व्याली, दोन्ही बोकडच. अक्षर वाकडं वाटलं तर मान वाकडी करून वाच. चार हिवाळे शाळेत गेलेल्या बाईकडून एवढंच मिळेल.

तुझा बाप बरा आहे. म्हणजे जेवतो. बोलत नाही, पण नुमा बडबड्या कधी होता?

इथं धूर फार आहे. कपडे घरात वाळवावे लागतात.

कसला धूर ते तुला पेपरातून कळलं असेलच. द्राक्षवेलींच्या मुळांना ती पिवळी ऊ लागली आहे, मोहरीहून बारीक. वर पानं हिरवीगार आणि खाली मूळ कुजलेलं. सरकारनं विचारलं, गाव आपणहून सगळे मळे जाळणार की आम्ही माणसं पाठवू? किडलेले आणि धड, दोन्ही. कौन्सिलमध्ये मतं निम्मी-निम्मी झाली. राहिलं अध्यक्षाचं. नुमानं ते जाळायच्या बाजूनं टाकलं, आणि दुसऱ्या सकाळी पहिली कुदळ आपल्याच मळ्यात घातली.

स्वित्झर्लंडातलं नुशातेल सोडून आम्ही बोटीत बसलो तेव्हा तो बारा वर्षांचा होता. ओल्या चिंध्यांत गुंडाळून वेलींच्या काड्या आणल्या त्यानं, आणि आपल्या वाटणीचं पिण्याचं पाणी त्यांना घातलं. त्याच काड्यांचा हा मळा. त्याची पहिली वाइन इतकी आंबट निघाली की मी तिच्यात काकड्या मुरवल्या. इंग्रज शेजारी हसले, "मेंढ्या पाळ, नुमा!" पुढं मेलबर्नला पदक त्याच वेलींच्या वाइननं घेतलं, आणि त्याच इंग्रजांनी त्याला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. नदीवरचा पूल, शाळेचा रस्ता, सगळं त्याच्या हातचं. आता त्याच पुलावरून माणसं येतात आणि आपल्या फाटकावर थुंकून जातात.

परवा शेजारचा आल्सीद आला. त्याचा मळा आपल्यानंतर दोन दिवसांनी जळाला. फाटकाबाहेरूनच ओरडला, "अध्यक्ष, आमच्या वेली जाळल्यात. तुमच्या पोराच्या कुठायत?"

"त्याच्या कसल्या?" नुमा म्हणाला.

"मरे नदीवर मळा लावलाय म्हणे. रोपं काय आभाळातून पडली?"

मी म्हटलं, "आल्सीद, घरी जा. बायको जेवायला हाका मारतेय."

"ती माहेरी गेलीय, आजीबाई."

"मग शहाणी आहे."

तो गेला. नुमा हसला नाही. मलाही हसू आलं नाही.

आता नीट बसून वाच.

जुलैत कौन्सिलनं सूचना लावली होती की गावाबाहेर एकही वेल न्यायची नाही. खाली सही तुझ्या बापाची. त्याच आठवड्यात तू त्याच्याशी भांडून निघालास आणि जाताना गोठ्यामागची रोपांची गोणी गाडीत टाकलीस. तुला वाटतं, तू ती चोरलीस. अरे मूर्खा, मुळांना शेवाळ लावून, ओलं गोणपाट आवळून बांधून रोपं गोठ्यामागं कोण विसरतं? ती नुमानं काढली. पोरगा घर सोडतो तेव्हा बापाच्या मळ्यातली वेल त्याच्यासोबत जाते. आपल्यात हे कुणी चुकवलेलं मी बघितलेलं नाही. तुला हाक मारायला त्याची जीभ वळेना, म्हणून गोणी ठेवून तो आत निघून गेला. तेव्हा आपला मळा चांगला दिसत होता.

ती रोपं खालच्या वाफ्यातली. त्या वाफ्याची मुळं उपटली तेव्हा मी चष्मा लावून बघितली. पिवळी झाली होती.

येत्या गुरुवारी सरकारी साहेब सभागृहात येतोय. जुलैनंतर या गावातून एकही वेल बाहेर गेली नाही, असं अध्यक्षानं बायबलवर हात ठेवून सांगायचं आहे. काल मी नुमाला विचारलं, "काय सांगणार?"

"गेली नाही म्हणून."

"खोटं?"

"आई, त्याचा मळा आत्ता कुठं पालवतोय. बायको पोटुशी आहे. माझा मी जाळला. त्याचाही मीच जाळू?"

"आणि त्याच्या शेजाऱ्यांचे?"

तो उठला आणि पिंपं धुवायला गेला. रिकामी पिंपं, आदल्याच दिवशी धुतलेली.

म्हणून हे लिहितेय. नुमाला ठाऊक नाही. पत्र हातात पडलं की कुदळ घे आणि एक रोप मुळासकट काढ. ऊ दिसली तर दिसली. नाही दिसली तरी खूश होऊ नकोस, पहिल्या वर्षी ती लपून राहते असं साहेब म्हणतो. सगळी रोपं तिथंच जाळ, आणि साहेबाला तुझ्या नावानं तार कर. रोपं माझ्याकडे आहेत, एवढंच लिही. कुणी दिली ते ज्यानं दिली तो सांगेल. तुम्ही गेलात तेव्हा आठवडाभर शेजारणीनं पाव आणून दिला, असं तूच लिहिलं होतंस. तिचा मळा तुझ्या बांधाला लागून आहे ना?

एल्विनाला रडू दे. मला शिव्या द्यायच्या असतील तर पोटभर देऊ दे, इथवर ऐकू येत नाहीत.

गुरुवारी सकाळपर्यंत तार आली नाही, तर मी काळा झगा घालून सभागृहात जाईन. नुमाचा हात बायबलवर पडायच्या आत उभी राहीन आणि तुझं नाव घेईन. बायकांनी तिथं बोलायचं नसतं म्हणे. बघते, मला खाली कोण बसवतो. तू माझा नातू आहेस, पण तो माझा पोरगा आहे. त्यानं आयुष्यात एक पिंपसुद्धा पाणी घालून विकलं नाही. पन्नाशीला टेकल्यावर मी त्याला ते शिकू देणार नाही.

गुरुवारी सकाळपर्यंत फक्त तुझी,
आजी सुझेत